सगळी पाती

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भट्टीसर म्हणत. तोंडावर नुसतं 'सर', पाठ वळली की भट्टीसर, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. धातू तापवायचा, त्याला वजन टांगायचं आणि तो किती ताणला जातो ते बघत राहायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली होती. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत भट्ट्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीत बोटाएवढी सळई, आणि खाली लोंबकळणारी वजनं. नव्या माणसाला तिथे बघण्यासारखं काहीच सापडत नसे. काही हलत नाही, काही वाजत नाही, नुसती ऊब.

"इथे चालतं काय नक्की?" असं कुणी विचारलं की सर म्हणत, "वाट बघणं."

धातू थंड असताना जे वजन अगदी सहज पेलतो, ते लालबुंद तापल्यावरही पेलतो. लगेच तुटत नाही, वाकतही नाही. पण रोज अगदी किंचित लांबत जातो, केसाच्या जाडीहूनही कमी. सुरुवातीला जरा भराभर, मग कितीतरी काळ एका संथ चालीने, आणि शेवटी पुन्हा भराभर, आणि मग एके दिवशी तुटतो. याला क्रीप म्हणतात. मुलगी लहान असताना तिने अर्थ विचारला तेव्हा सरांनी 'रांगणं' असं सांगून टाकलं. तिने ते शाळेत जाऊन सांगितलं आणि 'आमच्या बाबांकडे रांगणारं लोखंड आहे' म्हणून वर्गाला हसवून हसवून बेजार केलं.

या मुलीला घरात टिटवी म्हणत, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. मोठी होऊन ती शाळेत भूगोल शिकवू लागली, म्हणजे बोलण्याची सोय कायमची झाली. आणि तिने लग्न केलं ते एका अबोल माणसाशी. तो हेलिकॉप्टर चालवायचा. इतका उंच होता की चालकाच्या जागेवर बसताना गुडघे छातीशी यायचे, म्हणून हवाई तळावरचे सगळे त्याला लंबू म्हणत. टिटवीही तेच म्हणायची. सरांच्या बायकोला जावयाला असं हाक मारणं आवडत नसे, पण एकदा चहा देताना तिच्याही तोंडून 'लंबू, साखर?' असं निघून गेलं आणि तेव्हापासून तो विषय मिटला.

सरांचं आणि लंबूचं विलक्षण जमायचं. सुट्टीच्या दिवशी दोघे मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसत आणि तासभर एक शब्द बोलत नसत. टिटवी वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर नुसते श्वास टाकता."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागला. माथ्यावर एक छोटी वाडी होती, आणि तिच्याकडे जाणारा एकुलता एक रस्ता दोन्ही बाजूंनी पेटला. माणसं वरच अडकली. तळावरून चार हेलिकॉप्टरं निघाली, त्यातलं एक लंबूचं. दिवसभर ती वर-खाली करत राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत वाडीतलं शेवटचं माणूस खाली आलं, आणि कुणाच्याही अंगाला धग लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच फोटो झळकला. लंबू एका म्हातारीला लेकरासारखी दोन्ही हातांवर उचलून आणतोय, आणि म्हातारीच्या कुशीत एक कोंबडी. चौघा वैमानिकांना पदकं मिळाली. सरांनी तो फोटो प्रयोगशाळेत आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. ते कधी असं काही ठेवत नसत.

मग पावसाळा गेला, थंडी पडू लागली. एका स्वच्छ सकाळी लंबू डोंगरातल्या दवाखान्यात औषधं पोचवून परत येत होता. हेलिकॉप्टर रिकामं, वारा नाही, ढग नाही. दगडाच्या खाणीवरून जाताना इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टरही सांभाळून उतरवता येतं, पण त्यासाठी खाली पुरेशी उंची लागते, आणि ती नव्हती. खाणीतले मजूर धावत पोचले, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तळाचे प्रमुख स्वतः प्रयोगशाळेत आले. सर त्यांच्याच गाडीतून टिटवीच्या शाळेत गेले. तिचा तास चालू होता. फळ्यावर तिने एक नदी काढली होती, डोंगरापासून समुद्रापर्यंत, आणि तिला उपनद्या जोडणं चाललं होतं. दारात बाबा दिसले. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाकडे पाहिलं.

"बाबा, तास संपेपर्यंत थांबाल?" तिने विचारलं.

सरांनी मान हलवली. तिने पुन्हा खडू उचलला. उरलेल्या उपनद्या काढल्या, त्यांची नावं लिहिली, मुलांकडून म्हणून घेतली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. तिला कळलं होतं, हे सरांना कळत होतं. जोवर ती घंटा वाजत नाही तोवर ती लंबूची बायको होती, आणि तिला ती तेवढीच मिनिटं हवी होती. सर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. प्रमुख काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

टिटवी माहेरी राहायला आली. तिचं बोलणं थांबलं. आईने विचारलं तर उत्तर द्यायची, तेही हो किंवा नाही. घरात इतकी शांतता कधी नव्हती, आणि तिघांनाही तिच्यात कसं वावरायचं ते कळत नव्हतं.

आठवड्याभराने लाकडी पेटीत घालून इंजिन प्रयोगशाळेत आलं. असं काम करणारी जवळपास दुसरी प्रयोगशाळा नव्हती. पेटी दारातून आत येताना सर उठले, आपल्या खोलीची किल्ली कडीतून काढली आणि धाकट्या मॅडमच्या हातात दिली. धाकट्या मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी. आता त्यांचेही केस पिकायला लागले होते, पण नाव तेच राहिलं होतं.

"हे तुम्ही बघायचं," सर म्हणाले. "मी वरच्या मजल्यावर बसतो. मला काही सांगायचं नाही, काही दाखवायचं नाही. चौकशी समितीला थेट कळवायचं."

"हो सर."

आणि ते खरोखर वर जाऊन बसले. रोज येत, जुने कागद चाळत, खिडकीतून बाहेर बघत. खाली पेटी उघडली गेली, त्यांना आवाज आला. खाली कापण्याचं यंत्र चाललं, तेही ऐकू आलं. कापणी कुठल्या धातूची चाललीय ते त्यांना आवाजावरून कळत होतं. ते उठून खिडकी लावून घेत.

एका संध्याकाळी जिन्यात दोघांची गाठ पडली. सर उतरत होते, धाकट्या मॅडम चढत होत्या. मॅडमनी नजर खाली घातली. त्या बाजूला सरकल्या, सर पुढे गेले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"एकच विचारतो," ते मागे न वळता म्हणाले. "एकच पातं, की सगळी?"

जिन्यातला दिवा बारीक गुणगुणत होता.

"सगळी, सर," त्या म्हणाल्या. आणि मग, "मी काही बोलले नाही."

"नाही. तुम्ही काही बोलला नाहीत."

सर शेवटची पायरी उतरून बाहेर आले आणि फाटकाशी असलेल्या कठड्यावर बसले. इंजिनाच्या पोटात एक चाक असतं, आणि त्याच्या कडेला बोटाएवढी पाती बसवलेली असतात. जळत्या वायूत ती भयानक वेगाने फिरतात, आणि त्या वेगाने प्रत्येक पातं बाहेरच्या बाजूला खेचलं जातं, जणू त्याला एखादी गाडी टांगलीय. एकच पातं ताणून तुटलं असतं, तर दोष त्या पात्याचा असता. ओतताना राहिलेलं भोक, कारखान्यातली चूक. सगळीच्या सगळी ताणली गेली होती, याचा अर्थ दोष पात्यांचा नव्हता. इंजिन कधीतरी त्याला सोसेल त्याहून जास्त तापलं होतं, आणि ते तापवणारा हात एकाच माणसाचा असू शकत होता.

आणि मग त्यांना अंगणातली ती दुपार आठवली. वणव्यानंतरची, पावसाळ्याच्या आधीची. दोघं नेहमीसारखे गप्प बसले होते, आणि लंबूनेच बोलायला सुरुवात केली होती. तेव्हाच त्यांना नवल वाटायला हवं होतं.

"बाबा, समजा धातू जरा जास्त तापला. पण तुटला नाही. आणि मग थंड झाला. की झाला ना परत पहिल्यासारखा?"

सर खूश झाले होते. जावयाने पहिल्यांदाच त्यांच्या कामातलं काही विचारलं होतं. "छे," ते म्हणाले होते, "जे ताणलं गेलं ते गेलं. थंड झाल्यावर तो काही मागे येत नाही. वरून दिसत नाही, पण आत कणाकणांच्या सांध्यात बारीक भोकं पडायला लागतात. मग नेहमीच्या उष्णतेतसुद्धा ती वाढत जातात." आणि त्यांनी जमिनीवर काडीने आकृती काढून सगळं समजावून सांगितलं होतं, आत्ता वाटतं की फारच आनंदाने. लंबूने आकृतीकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग विचारलं होतं, "किती दिवस चालतं असं?" आणि सर म्हणाले होते, "ते सांगता आलं असतं तर मी एवढी वर्षं भट्टीपुढे बसलो असतो का?" दोघेही हसले होते.

घरी आल्यावर सर जेवले नाहीत. टिटवी खिडकीपाशी बसली होती. तिने विचारलं, "कळलं का काही?"

"अहवाल यायचाय."

"बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कशाला त्रास करून घेता?"

सर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "इंजिन कधीतरी फार तापलं होतं," ते म्हणाले. "त्या सकाळी नाही. त्याच्या बरंच आधी. तुला तो कधी काही बोलला होता का?"

आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. मग टिटवी बोलायला लागली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सलग बोलली.

वणव्याच्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या केसांनाही धुराचा वास येत होता. त्याने सांगितलं, वरची हवा इतकी तापलेली होती की हेलिकॉप्टर उचलत नव्हतं. तापल्या हवेत अंग नसतं, पंख्याला धरायला काही मिळत नाही, मग इंजिनाला जोर काढावा लागतो. आणि वर माणसं तर चढायला झोंबत होती. नियमाने निम्मीच घ्यायची होती. "तू सांग टिटवे, कुणाला खाली उतरवणार?" असं तो म्हणाला होता. त्याने सगळ्यांना घेतलं. उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि प्रत्येक खेपेला तिथेच राहिला. नियम असा की काटा लाल पट्ट्यात गेला की उतरल्यावर कार्यशाळेला सांगायचं, आणि मग इंजिन उघडल्याशिवाय ते हेलिकॉप्टर उडत नाही. त्या जुन्या हेलिकॉप्टरांत आपोआप नोंद होत नसे. वैमानिकाने सांगितलं तरच कळायचं.

"पहिल्या खेपेनंतर सांगितलं असतं तर त्याला तिथेच थांबवलं असतं," टिटवी म्हणाली. "म्हणून कुणीच नाही सांगितलं. चौघांनीही."

"आणि संध्याकाळी? सगळे खाली आल्यावर?"

"संध्याकाळी तळावर फोटो काढणारे आले होते. मग पदकाचं ठरलं. मग तो म्हणायचा, आता सांगितलं तर चौघांनाही घरी बसवतील, आणि मी एकट्याने कसं सांगू. पण त्याच्या मनातून जात नव्हतं ते. मध्येच एकदा त्याने कार्यशाळेत जाऊन सांगितलं, आवाज वेगळा येतोय म्हणून. त्यांनी ऐकून बघितलं, म्हणाले, ठणठणीत आहे." ती थांबली. "मला वाटलं, मिटलं. मला कुठे ठाऊक होतं की लोखंड लक्षात ठेवतं."

सरांनी अंगणातली दुपार तिला तेव्हाच सांगून टाकली. तिने ऐकलं, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"चौघांनीही केलं म्हणालीस," सर थोड्या वेळाने म्हणाले. "बाकीचे तिघे उडतायत?"

"रोज."

"ती तिन्ही इंजिनं आत्ता तशीच असणार. त्याच्याइतकी नसतील, थोडी कमी असतील. पण रोजच्या उड्डाणात ती थोडी थोडी पुढे जातायत. समितीच्या अहवालात एवढंच येईल की या इंजिनात असं झालं होतं. उरलेल्या तिघांचं कुणाला सुचणार नाही, कारण कुणाला माहीतच नाही."

दारात उभी असलेली आई म्हणाली, "म्हणजे हिने जाऊन सांगायचं, की माझ्या नवऱ्याची चूक होती? मेल्यावर?"

टिटवीने आईकडे पाहिलं.

"त्याने काय चोरी केली होती? माणसं वाचवली होती. आता त्याच्याकडे नाव सोडून दुसरं आहे काय? आणि तेही हिनेच पुसायचं?" तिचा आवाज चिरकला. "इतकंच असेल तर त्या तिघांना सांगू दे. त्यांना तोंड आहे."

"बरोबर आहे आई," टिटवी म्हणाली. "त्यांनाच आधी विचारते."

त्या तिघांत मिशी लंबूचा सगळ्यात जवळचा. कोवळा चेहरा झाकायला त्याने मिशा वाढवल्या होत्या, त्यावरून हे नाव. दुसऱ्या दिवशी सर आणि टिटवी तळावर गेले. उपाहारगृहात दुपारची वर्दळ ओसरली होती. मिशी तिला बघून उठून उभा राहिला आणि त्याला काय करावं ते सुचेना. शेवटी त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

टिटवीने आडपडदा ठेवला नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाला, "वहिनी, त्यानंतर मी किती वेळा उडालो असेन. इंजिन घड्याळासारखं चाललंय."

"त्याचंही तसंच चाललं होतं."

"आणि मी सांगितलं तर पहिलं कुणाचं नाव येणार? त्याचं. लोक म्हणतील, स्वतःच्या चुकीने गेला. मला नाही ऐकवणार ते. तो मला भावासारखा होता."

"म्हणून सांगणार नाहीस?"

"त्याच्यासाठी नाही सांगणार," मिशी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तो खोटं बोलत नव्हता, हेच अवघड होतं.

सरांना वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं. पात्यांचं, भोकांचं, कणांच्या सांध्यांचं. त्यांनी सुरुवातही केली, पण मिशीने हात जोडले. "सर, मला विज्ञानातलं कळत नाही. मला अर्ध्या तासात निघायचंय." आणि तो शिरस्त्राण उचलून बाहेर गेला.

काचेतून धावपट्टी दिसत होती. मिशी आपल्या हेलिकॉप्टरकडे चालत निघाला होता. टिटवीने त्याला थोडा वेळ जाताना बघितलं. मग ती उठली. "प्रमुखांची खोली कुठली, बाबा?"

"तू नक्की विचार केलास?"

"विचार करत बसले तर तो उडेल," ती म्हणाली.

प्रमुखांच्या खोलीबाहेरच्या बाकावर सर बसले. तिने आत जाऊन दार लावून घेतलं. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तास घेताना असायचा तसा, एका लयीत. मध्ये एकदाच तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला. दार उघडायच्या आधीच बाहेर धावपट्टीवरचा पंख्याचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि बंद पडला.

तिन्ही इंजिनं उघडली गेली. दोघांची पाती ताणली होती, पण अजून बरीच चालली असती. मिशीच्या इंजिनात पात्यांची टोकं बाहेरच्या आवरणाला घासायला लागली होती आणि एका पात्याच्या मुळाशी चीर होती. धाकट्या मॅडमनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. या वेळी सर खाली उतरून आले, कारण हे इंजिन त्यांच्या घरातलं नव्हतं. त्यांनी भिंगातून पाहिलं. सांध्यासांध्यात भोकांची रांग लागली होती, आणि भोकं एकमेकांना मिळून गेली होती. "किती चाललं असतं?" तळावरून आलेल्या माणसाने विचारलं.

"आठवडाही नाही," सर म्हणाले. एवढं नेमकं उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं असेल.

अहवालात जे यायचं ते आलं. वैमानिकाने इंजिन मर्यादेबाहेर तापल्याचं कळवलं नाही, हे अपघाताचं मूळ कारण. भाषा कोरडी होती, वाईट शब्द एकही नव्हता. तिघांना वर्षभर उडायला बंदी झाली. तळाच्या दालनातून वणव्याचा फोटो उतरवला गेला. कुणी आज्ञा केली नव्हती, पण एक दिवस तिथे नुसता खिळा दिसला. काहीजण टिटवीला भेटले की चांगलं बोलत, आणि काहीजण रस्ता बदलत. वैमानिकांच्या बायकांपैकी एकीने तिला स्पष्टच सांगितलं, "मी असते तर मेले असते, पण बोलले नसते." टिटवीने ते घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मी पण." आणि मग तिला जवळ घेऊन बराच वेळ बसून राहिली.

मिशी आला तो एका रविवारी. सोबत बायको होती, तिच्या कडेवर लहान मूल. बायको दारातच रडायला लागली, तिला धन्यवादसुद्धा म्हणता येईना. मिशीने मिशा काढून टाकल्या होत्या. तो पंधरा वर्षांचा पोरगा दिसत होता.

टिटवीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. मुलाच्या हातात एक चमचा दिला वाजवायला. मग मिशीने तोंड उघडलं, "वहिनी, मी..."

"नको," ती म्हणाली. "मिशी, ऐक. तू जिवंत आहेस याचा मला आनंद आहे, मनापासून. पण इथे येत जाऊ नकोस. तुला बघितलं की मला वाटतं, तो असा का बसलेला नाही. याच खुर्चीत. तुझं काही चुकलं नाही. मलाच नाही जमत."

त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग दूर गेला. टिटवीने चमचा उचलून धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला. सर दारात उभे होते. तिने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "बाबा, त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर?"

सरांना उत्तर माहीत होतं, आणि तिलाही. वाडीतली सगळी माणसं तोवर खाली आली होती. कुणाचं काही बिघडलं नसतं. चार इंजिनं उघडली असती, पाती बदलली असती, चौघांना थोडं ऐकून घ्यावं लागलं असतं.

"तो आज असता," सर म्हणाले.

तिने चमचा जागेवर ठेवला.

वसंतात डोंगर पुन्हा हिरवा झाला, आणि वाडीतल्या लोकांचा निरोप आला. घरं पुन्हा उभी राहिली होती, त्यांना वैमानिकांना बघायचं होतं. तिघे गेले नाहीत. टिटवी म्हणाली, मी जाते. सर गाडी चालवत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे बुंधे उभे होते आणि त्यांच्या पायाशी पोपटी गवत.

वर माणसांनी तिला घेरलं नाही, गडबड केली नाही. एकेक जण येऊन तिचा हात धरून जात होता. अपघाताचं त्यांच्या कानावर आलं होतं, अहवालाचं नाही. अहवाल एवढ्या वर चढला नव्हता. फोटोतली म्हातारी मात्र घरातून बाहेर पडत नसे, तिला आताशा नीट दिसत नव्हतं. तिच्या घरी दोघांना नेलं. म्हातारी पलंगावर बसली होती. तिने टिटवीचा चेहरा चाचपून पाहिला.

"तू त्या उंच पोराची बायको. तो कुठाय?"

बरोबर आलेली बाई गडबडली. "अगं, सांगितलं होतं ना तुला..."

"मला कुणी काही सांगत नाही."

टिटवी पलंगाच्या कडेवर टेकली. "तो गेला, आजी," ती म्हणाली. "थंडीत. हेलिकॉप्टर पडलं."

म्हातारीने तिचा हात घट्ट धरला. मग तिने विचारलं, "कशानं पडलं?"

"इंजिन बिघडलं होतं."

"आमच्यासाठी आणलं होतं तेच? आम्ही लई जणं चढलो होतो गं. तो नको नको म्हणत होता, नाही, तो काहीच म्हणत नव्हता. आम्हीच चढलो. मी तर कोंबडी पण घेतली होती." "तेच का गं मशीन?"

सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. टिटवीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"नाही आजी," ती म्हणाली. "ते वेगळं होतं. दुसरंच."

"खरं?"

"खरं. तुमचं तर अजून चालतंय."

म्हातारीने मोठा श्वास सोडला आणि टिटवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, जणू तिलाच कुठून तरी उचलून आणलं होतं. निघताना तिने परसातल्या कांद्यांची पिशवी द्यायला लावली. नको म्हटलं तर रागावली.

परतताना दोन वळणं गेली, तिसरं गेलं. टिटवीच्या मांडीवर कांद्यांची पिशवी होती आणि तिचे दोन्ही हात पिशवीच्या गाठीवर होते.

"बाबा, गाडी थांबवा जरा," ती म्हणाली.

त्यांनी कडेला घेतली. ती खाली उतरली नाही. तिथेच बसून, पिशवी पोटाशी धरून, ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. बातमी आल्यापासून ती असं एकदाही रडली नव्हती. सरांनी इंजिन बंद केलं, काच खाली केली, आणि ते तिच्या शेजारी बसून राहिले.